गाइडने कमी बोलावे, पण शिकून यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत निवृत्तांनी वेळ कसा घालवावा यावर लेख आला होता. बागकाम, योगासने, नातवंडे यांच्या ओळीत शेवटी ‘कलासंग्रहालयात विनामूल्य गाइड व्हा, चार लोकांशी बोलणे होते’ असा सल्ला होता. पाठोपाठ एका वाचकाचे पत्र आले: हल्ली चित्राशेजारी क्यूआर कोड असतो, कानाला ऑडिओ गाइड लावता येतो, तर जिवंत माणूस हवाच कशाला? दोघांचा सूर वेगळा, पण दोघांनी धरून चालले आहे ते एकच, की गाइड म्हणजे माहिती सांगणारा. काम तेवढेच असते तर पत्रलेखकांचे म्हणणे मी मुकाट मान्य केले असते. माहिती मोबाइल माझ्यापेक्षा चांगली सांगतो. त्याला खोकला येत नाही आणि सनावळ्या चुकत नाहीत.

मी एका कलासंग्रहालयात हे काम करते. सारी नोकरी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत गेली. चित्रकलेशी संबंध शाळेच्या वहीतल्या दोन डोंगर आणि उगवत्या सूर्यापुरता. प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुलांना आम्ही एक गोष्ट बजावत असू: स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली लावलीस ना, मग आधी नीट बघ, कागदावर डॉक्टरांनी काय शंका लिहिली आहे ते नंतर वाच. कागद आधी वाचला की डोळ्यांना तेवढेच दिसते. दालनात उभी राहू लागल्यावर हाच धडा कामी आला. लोक आत येतात, चित्राकडे ओझरते बघतात आणि थेट लेबलाकडे वळतात. नाव, साल, शैली वाचून झाली की चित्र ‘बघून झाले’.

हा नुसता माझा ग्रह नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जेफ्री आणि लिसा स्मिथ या संशोधकांनी प्रेक्षक एकेका चित्रापुढे किती वेळ थांबतात हे मोजले होते. २००१ साली त्यांनी आकडे प्रसिद्ध केले: सरासरी सुमारे २७ सेकंद, आणि निम्म्या लोकांचा वेळ १७ सेकंदांच्या आत. त्यात लेबल वाचण्याचा वेळही आला, बरं का. पुढे शिकागोत पुन्हा मोजले तेव्हाही सरासरी जवळपास तेवढीच भरली; मधल्या काळात सेल्फीची भर पडली होती, एवढाच फरक. म्हणजे ज्या चित्रासाठी चित्रकाराने महिने घातले, ज्याच्या राखणीसाठी अख्खी इमारत वातानुकूलित ठेवली, त्याला आपण चहा ढवळण्याएवढाही वेळ देत नाही. गाइडचे खरे काम इथे आहे. माणसाला त्या चित्रापुढे पाच-सात मिनिटे थांबवून धरायचे, आणि तेही कंटाळू न देता.

ते कसे घडते याचे एक उदाहरण सांगते. आमच्या दालनात अभिसारिकेचे एक पहाडी लघुचित्र आहे. वहीच्या पानाएवढेही नाही. काळोखी रात्र, सोन्याच्या बारीक रेघेने काढलेली वीज, झाडाच्या बुंध्याशी साप, आणि मधोमध निळ्या ओढणीतली एक स्त्री वाट काढत निघालेली. सातवीचा एक वर्ग आला होता. मी मुलांना चित्राभोवती अर्धगोलात उभे केले आणि अर्धे मिनिट कोणी काही बोलायचे नाही अशी अट घातली. (अर्धे मिनिट हा सातवीच्या वर्गासाठी फार मोठा काळ असतो.) मग विचारले, “इथे काय चाललंय?”

“ती पळून चाललीय.”

“कशावरून?”

“मागे बघतेय ना!”

तेवढ्यात टोकाला उभी असलेली एक मुलगी म्हणाली, “मागे नाही बाई, ती खाली बघतेय. तिचं पैंजण पडलंय.”

सगळ्या माना एकदम पुढे आल्या. पैंजण होते, तांदळाच्या दाण्याएवढे, गवतात पडलेले. मग जी जुंपली! ते ती उचलत का नाही? उशीर होईल म्हणून. छे, आवाज होतो म्हणून तिनेच मुद्दाम काढून टाकले असेल. अरे, बाजूला साप आहे, कोण हात घालील? एकाने तर ती परत येताना उचलेल असेही ठरवून टाकले. कोणाचे बरोबर हे मी सांगितले नाही, सांगण्यासारखे नव्हतेच. वाद जरा थंडावल्यावर मात्र सांगितले, की प्रियकराला भेटायला अशी भर पावसात आणि अंधारात निघालेली नायिका म्हणजे अभिसारिका, आपल्याकडच्या आठ नायिकांपैकी एक, आणि या आठ जणींचा उल्लेख थेट भरताच्या नाट्यशास्त्रात सापडतो. ही दोन वाक्ये मी सुरुवातीलाच म्हटली असती तर मुलांनी ती वहीत उतरवून घेतली असती आणि पैंजण गवतातच राहिले असते.

मी विचारलेले प्रश्न माझ्या डोक्यातून निघालेले नाहीत. मानसशास्त्राच्या अभ्यासक अॅबिगेल हाउसन आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाचा शिक्षण विभाग सांभाळलेले फिलिप येनवाइन यांनी मिळून एक पद्धत बसवली. तिच्यात तीनच प्रश्न असतात: चित्रात काय चाललंय? असं कशावरून म्हणता? आणखी काय दिसतंय? वाचायला पोरखेळ वाटतो. करून बघा. पहिला प्रश्न कोणीही विचारील. दुसरा विचारताना आवाजात उलटतपासणीचा सूर येऊ न देणे, समोरचा बोलत असताना तो म्हणतो त्या जागेकडे बोट दाखवणे (काचेपासून लांबूनच), त्याचेच म्हणणे आपल्या शब्दांत त्याला परत देणे, आणि मघाशी दुसऱ्या कोणी वेगळे सांगितले होते त्याच्याशी ते जोडणे, हे सगळे एकाच वेळी करायचे असते. वर ‘वा, बरोबर!’ असे म्हणायचे नाही. एकाला बरोबर म्हटले की उरलेले एकोणीस गप्प होतात. माझ्यासारख्या बोलघेवड्या बाईला तोंड आवरायला किती वेळ लागला ते माझ्या घरच्यांना विचारा. त्यांच्या मते अजून शिकणे चालूच आहे.

याचा अर्थ माहिती द्यायचीच नाही असा कोणी काढू नये. प्रश्न वेळेचा आहे. बसोली या पहाडी शैलीच्या काही चित्रांत दागिन्यांतले पाचू दाखवण्यासाठी भुंगेऱ्यांच्या चकाकत्या पंखकवचांचे इवले तुकडे चिकटवलेले असतात. समोरून सरळ बघितले तर हिरवट काळा ठिपका दिसतो. मी लोकांना म्हणते, गुडघे थोडे वाकवा आणि हळूच एका बाजूला सरका. खाली-वर होता होता कोणीतरी “अरे!” म्हणते, कारण ठिपका पेटतो. ते काय आहे हे सांगायची वेळ ती. तोपर्यंत नाही. आणि एकदा हे दिसले की पुढच्या प्रत्येक चित्रापुढे ही प्रौढ, प्रतिष्ठित माणसे आपणहून उठाबशा काढू लागतात. सुरक्षारक्षकांना त्याची आता सवय झाली आहे.

लघुचित्रांच्या दालनाबद्दलची एक तक्रार प्रत्येक फेरीत ऐकावी लागते: एवढा अंधार का? दिवे वाचवता का? कागदावरच्या चित्रांना आणि जलरंगांना साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचे माप) वर उजेड देऊ नये असा जगभरच्या संग्रहालयांचा दंडक आहे. तैलचित्रांना सुमारे २०० लक्सपर्यंत चालतो. उजेडाने झालेली इजा साठत जाते आणि भरून येत नाही. चित्र काढून अंधाऱ्या कपाटात ठेवले तरी उडालेला रंग परतत नाही. म्हणूनच अशी चित्रे काही महिन्यांनी उतरवून त्यांच्या जागी दुसरी लावतात, आणि मागच्या वेळी आवडलेले चित्र जागेवर नाही म्हणून भांडायला आलेल्या काकांना हे समजावणे हेही गाइडच्याच वाट्याला येते. एवढे मात्र खरे, की कारण समजले की लोक ऐकतात. ‘फ्लॅश वापरू नका’ या पाटीकडे दुर्लक्ष करणारी माणसे कारण कळल्यावर दुसऱ्याला दटावतात.

आता शिकून येण्याबद्दल, कारण हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे. ‘आवड असली की पुरे’ हे आपल्या लेखातले वाक्य मला खटकले. विनामूल्य काम करणाऱ्याला कोणी काही विचारू नये अशी आपल्याकडे एक समजूत आहे. मी अन्यत्र, एका संग्रहालयात, स्वयंसेवकांच्या हाती टाइप केलेली आठ पाने देऊन दुसऱ्याच दिवशी त्यांना दालनात उभे केलेले पाहिले आहे. ते बिचारे पाने पाठ म्हणत होते. अधेमधे कोणी प्रश्न विचारला की मागे जाऊन परिच्छेद पहिल्यापासून सुरू. पाने संपली की मग कल्पनाशक्ती कामाला लागते. ‘या तसबिरीतले डोळे तुमच्या मागे फिरतात’ हे सांगायला तर प्रत्येकाला आवडते. चित्रातला माणूस थेट समोर बघताना रंगवला असला की कोणत्याही चित्रात तसेच होते, त्यात त्या चित्रकाराची खास करामत नसते. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याच्या कथेला पुरावा नाही, तरी ती पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे ती गाइडांच्याच जोरावर. आणि चित्राची किंमत सांगणे! कोटीचा आकडा एकदा उच्चारला की त्यापुढे कोणीही चित्र बघत नाही, आकडा बघतो.

वाईट गाइड ही काही आजची गोष्ट नाही. ब्रिटिश म्युझियम सुरू झाल्यावर बरीच वर्षे तिथे हवे तसे फिरता येत नसे. तिकीट घेऊन ठरलेल्या गटाबरोबर जावे लागे. १७८४ मध्ये बर्मिंगहॅमचा विल्यम हटन नावाचा पुस्तकविक्रेता मोठ्या उत्साहाने तिथे गेला. त्याच्या गटाला घेऊन चाललेला माणूस इतक्या झपाट्याने चालला, की साधारण अर्ध्या तासात सगळे बाहेर. मध्ये याने काही विचारले तर उत्तर मिळाले ते असे, की आता काय मी एकेक वस्तू सांगत बसू? नावे लिहिलेली आहेत ना वर? हटन निमूटपणे पुढे चालू लागला आणि नंतर त्याने हे सगळे लिहून ठेवले. सव्वादोनशेहून अधिक वर्षे झाली, पण ‘नावे लिहिलेली आहेत ना’ हे उत्तर आजही ऐकू येते. हल्ली त्याला क्यूआर कोड म्हणतात.

चांगल्या बाजूचाही इतिहास आहे. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाने १९०७ च्या सुमारास प्रेक्षकांबरोबर दालनात हिंडून चित्रे दाखवणारी माणसे नेमली. त्यामागे संस्थेचे सचिव बेंजामिन गिलमन होते. याच गिलमननी १९१६ मध्ये संग्रहालयातल्या थकव्यावर लेख लिहिला. चांगली नजर असलेल्या एका माणसाला त्यांनी मांडलेल्या वस्तूंबद्दल प्रश्न दिले, आणि उत्तरे शोधताना तो कसा वाकतो, मान वाकडी करतो, उकिडवा बसतो याची छायाचित्रे काढली. दोष बघणाऱ्याचा नव्हता, मांडणीचा होता. मला हा माणूस फार आवडतो, कारण त्याने प्रेक्षकाच्या कमरेचा विचार केला. आमच्या प्रशिक्षणात म्हणूनच ठरवून सांगतात, की तासाभरात पाच-सहा कलाकृतींच्या वर जायचे नाही. नवखा गाइड वीस दाखवतो आणि बाहेर पडताना लोकांना फक्त बाक कुठे होते ते आठवते.

बाकी प्रशिक्षण म्हणजे किरकोळ वाटणाऱ्या शंभर गोष्टी. चित्राच्या पुढ्यात नाही, बाजूला उभे राहायचे. शेवटचा माणूस पोहोचेपर्यंत तोंड उघडायचे नाही. दालनात शाईचे पेन काढायचे नाही, टिपणे घ्यायची तर शिसपेन्सिलीने. पाठीवरच्या सॅक पुढे घ्यायला लावायच्या, कारण वळताना सॅक फ्रेमला कधी घासते ते सॅकवाल्याला कळत नाही. चित्रावर दोन मिनिटे बोलून दाखवायचे आणि मग सहकाऱ्यांनी केलेली चिरफाड हसतमुखाने ऐकायची. क्युरेटरने, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या तज्ज्ञाने, दिलेली वाचनाची यादी अर्थातच वेगळी.

सर्वांत कस लागतो तो दृष्टिहीन प्रेक्षकांबरोबर. तिथे भाषेला पळवाट नसते. आधी आकार सांगायचा, मग कशावर आणि कशाने रंगवले आहे ते, मग एकूण मांडणी, आणि तपशील त्यानंतर. जागा सांगताना घड्याळाचे काटे उपयोगी पडतात, “दोनच्या जागी चंद्र आहे” असे. ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ असे शब्द तिथे फुकट जातात. सुंदर म्हणजे काय, असा प्रश्न लगेच येतो आणि तो रास्त असतो. स्पर्शाने बघायची परवानगी असलेल्या शिल्पापाशी एक गृहस्थ दगडी हाताच्या मनगटावर बराच वेळ बोटे फिरवत राहिले आणि म्हणाले, “इथे छिन्नी थांबलीय, पुढे घासलं नाही.” त्या मूर्तीशेजारून शेकडो डोळस माणसे जातात. त्यानंतर मी ती जागा डोळसांनाही दाखवते, हात न लावता.

आधुनिक चित्रांच्या दालनात दुसरेच दुखणे. “हे तर माझा मुलगाही काढेल” हे वाक्य आले नाही अशी फेरी विरळा. पूर्वी गाइड अशा माणसाला व्याख्यान द्यायचे, आणि तो आणखी हटून बसायचा. मी वाद घालत नाही. वासुदेव गायतोंडे यांच्यासारख्या चित्रकाराचे काम समोर असेल तर एवढेच विचारते, की यातला कोणता रंग आधी लागला असेल आणि कोणता नंतर? गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरायची बोथट सुरी) वापरत, थरावर थर चढवत, मधला रंग काढून घेत. वर्षाला हातावर मोजण्याइतकीच चित्रे पुरी करत. बघणारा थर मोजायला लागतो आणि चारावर अडखळतो. चित्र आवडलेच पाहिजे असा माझा आग्रह नाही. नावडायलाही आधी बघावे लागते.

मग मोबाइल नकोच का? असू द्या. ऑडिओ गाइड एकट्याने फिरणाऱ्याला सोबत करतो, हव्या त्या भाषेत बोलतो, पुन्हा पुन्हा ऐकवतो. पण समोरची बाई थकली आहे, तिला बसायला हवे, हे त्याला दिसत नाही. ‘तिचं पैंजण पडलंय’ हे त्याला ऐकू येत नाही.

एक अडचण मात्र आम्हा स्वयंसेवकांच्या बाजूची आहे आणि ती झाकून चालणार नाही. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने २०२१ मध्ये आपली अनेक दशके चाललेली स्वयंसेवक गाइडांची योजना बंद केली. पगारी शिक्षक नेमून नवी घडी बसवायची, कारण विनामूल्य काम परवडणारी माणसे बहुतेक एकाच सुखवस्तू थरातली असतात, अशी त्यामागची भूमिका होती. मोठा गदारोळ झाला. वर्षानुवर्षे राबलेल्या माणसांना एका पत्राने निरोप देणे मला पटले नाही. पण मूळ दुखण्यावर बोट बरोबर ठेवले होते. आमच्याच स्वयंसेवकांच्या खोलीत बघते: सगळ्या पेन्शनवाल्या, सगळ्यांची मुले मार्गी लागलेली, आणि जवळपास सगळ्या दुपारी मोकळ्या. दिवसा नोकरी करणारा, घरची जबाबदारी असणारा, प्रवासखर्चाचा विचार करावा लागणारा माणूस तिथे पोहोचतच नाही. मग ज्या वस्त्यांतून मुले संग्रहालयात येतात, त्या वस्त्यांतला गाइड त्यांना कधी भेटत नाही. यावर योजना बंद करणे हा उपाय नाही. संग्रहालयांनी प्रशिक्षणाच्या तुकड्या संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी घ्याव्यात, स्वयंसेवकांना प्रवासखर्च द्यावा, आणि नियमित फेऱ्या घेणाऱ्या तरुणांसाठी काही जागा पगारी ठेवाव्यात. यातले काहीही फार खर्चाचे नाही. दर वर्षी प्रत्येक गाइडची फेरी कोणीतरी मागे उभे राहून ऐकावी, आमच्यासारख्या जुन्यांचीही. कोणी रागावून सोडून गेले तर जाऊ द्यावे.

आपला लेख वाचून ज्यांना यावेसे वाटले त्यांनी जरूर यावे. आधी दोन-चार फेऱ्यांत प्रेक्षक म्हणून सामील व्हा. त्यातली एक तरी शाळेच्या वर्गाची असू द्या. चार कलाकृतींपुढे घड्याळ लावून प्रत्येकी दहा मिनिटे एकटे बसून बघा. तिसऱ्या मिनिटाला खिशातल्या फोनकडे हात गेला तर हे काम आपले आहे का याचा पुन्हा विचार करा. गेला नाही, तर संग्रहालयाच्या शिक्षण विभागात नाव द्या, आणि येताना टाचा न वाजणारी पादत्राणे घाला. दालनाच्या फरशीवर टाचांचा आवाज फार होतो.

आपली,
एक स्वयंसेवक गाइड